सोळाजणींनंतर मी

सख्ख्या भावाला ओवाळायला माझा नंबर सतरावा लागला. ती भाऊबीज मी जन्मात विसरायची नाही, कारण तळपायाची आग मस्तकात इतकी तर माझ्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यांतही गेली नव्हती. कल्याणहून सकाळच्या गाडीने ठाण्याला आलेले. मांडीवर तबक, त्यात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, आणि पिशवीत आदल्या दिवशी तळलेल्या करंज्या. दादाच्या ओटीची पायरी चढले आणि बघते तर ओटी बायकांनी गच्च भरलेली. मिठागरावरच्या होत्या, भाजीवाल्या होत्या, खोपटच्या बाजूच्या दुधवाल्या दोघी होत्या, एक मास्तरीण होती, एक दवाखान्यातली नर्स होती. कुणाच्या हातात पितळी तबक, कुणाच्या जर्मनची थाळी, एकीने तर सुपातच दिवा मांडलेला. मधे पाटावर आमचे बंधुराज, धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जसं काही याचंच लग्न आहे.

मी सरळ पुढे गेले. वहिनीने माझा हात धरून मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "वन्सं, जरा बसा. आधी आली ती आधी, असं ठरलंय."

ठरलंय. कुणी ठरवलं? दादाने. वकील ना तो, म्हणे कोर्टात जसा बोर्ड लागतो, ज्याची केस आधी तो आधी, तसंच इथे. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि सोळाजणी मोजल्या. माझी पाळी आली तेव्हा त्याच्या कपाळावर कुंकवाला जागा उरली नव्हती. भुवयांपासून टोपीपर्यंत नुसता लाल चिखल. मी बोट घेऊन क्षणभर तशीच उभी राहिले आणि शेवटी कानशिलाजवळ कुठेतरी टेकवलं. तो म्हणाला, "काय गं, बरी आहेस ना?" आणि मी उत्तर द्यायच्या आत मास्तरणीला तिच्या तारखेचं काहीतरी सांगायला वळला.

हे प्रकरण सुरू कसं झालं तेही सांगते. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी दादाला वकिलीची सनद मिळाली. त्याच्या पहिल्यावहिल्या केसांपैकी एक मिठागरावरच्या बाईची होती. नवरा मेलेला, सासरच्यांनी हाकललेली, आणि पाठच्या भावाने दार लावून घेतलेलं. दादाने तिला सासरच्या घरात परत बसवलं. निकाल लागला आणि पाठोपाठ भाऊबीज आली. ही बाई सकाळी सकाळी थाळी घेऊन दारात हजर, म्हणे मला आता कुणी भाऊ नाही, तुम्हाला ओवाळते. दुसरा कुणी वकील असता तर तिला चहा पाजून वाटेला लावलं असतं. आमच्या येड्याने पाट मांडायला सांगितला. पुढच्या वर्षी पाचजणी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी सोळा. पुढे आकडा वाढत गेला, पण माझ्या मनात त्या कायम सोळाजणीच राहिल्या.

दादासारखा माणूस सगळ्यांना आवडायचाच, त्यात नवल काय! कोट घालून सायकलवरून कोर्टात जाणारा, वाटेत चार ठिकाणी उतरून चौकशा करणारा, जज्जाशी भांडणारा आणि भांडता भांडता जज्जालाच हसवणारा. मिठागरावरच्या साक्षीदाराशी तो त्याच्याच बोलीत बोलायचा, असा की ऐकणाऱ्याला वाटावं हा पण खाडीतच जन्मलाय. बाजारातून यायचा तर सायकलच्या हँडलला न मागता दिलेले दुधी आणि पडवळ लटकत असायचे. एकदा मिठागरावरच्या बाईने सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी दिली. आमच्या घरात मासळी चालत नव्हती. वहिनीने ती चिमट्याने धरून शेजारी नेऊन दिली, आणि दादा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे जेवायला गेला.

त्याला सगळे दादा म्हणत. पट्टेवाले, बेलिफ, टांगेवाले, पक्षकार, अगदी त्याच्यापेक्षा वयाने मोठे वकीलसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, मग यात बिघडलं काय? बिघडलं असं, की तो शब्द माझा होता. घरात आम्ही दोघंच भावंडं. आईवडील त्याला नावाने हाक मारत. दादा म्हणणारी मी एकटी. बोलायला लागले तेव्हा पहिला शब्द तोच आला, असं आई सांगायची. आणि बघता बघता तो शब्द सगळ्या ठाण्याने उचलून नेला. दादा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तो गेला तेव्हा माणसांची रांग कोर्टाच्या फाटकापर्यंत गेली होती आणि सगळे दादा दादा करून रडत होते. मला त्याही दिवशी त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू.

त्याची काम करायची एक रीत होती. साक्ष असली की आदल्या रविवारी बाईला ओटीवर बोलवायचा आणि स्वतः विरुद्ध बाजूचा वकील व्हायचा. चष्मा नाकावर ओढून, आवाज चढवून असे काही प्रश्न विचारायचा की बायका घळाघळा रडायच्या. रडून झालं की वहिनी गूळ-शेंगदाणे आणायची आणि तो तिला समजावत बसायचा. तेव्हा तो हटकून सांगायचा, की समोरचा वकील तुम्हाला असं झालं ना, तसं झालं ना, असंच विचारणार. 'का' कधी विचारणार नाही. उलटतपासणीत 'का' विचारणारा वकील मूर्ख, कारण 'का' विचारलं की झाकण उडालंच, आतून काय बाहेर येईल ते त्याला ठाऊक नसतं. हाताखालच्या नव्या वकिलांनाही हेच सांगायचा. मी माहेरी आलेली असले की स्वैपाकघराच्या दारातून हे सगळं ऐकायची. एकेका बाईला दोन दोन तास द्यायचा हा. तू कधी उठतेस, काय खातेस, तुझ्या सासूचा स्वभाव कसा, सगळं विचारायचा. मला मात्र वर्षातून चार वेळा, "काय गं, बरी आहेस ना?"

आणि त्या बायकांची आणखी एक खोड होती. भाऊबिजेला मी ओटीवर आले की त्या माझ्या हातांकडे बघत. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे, मनगटांकडे. एक बघायची, दुसरीला कोपराने ढोसायची. मला वाटायचं, वकिलाच्या बहिणीच्या हातात सोनं किती ते मोजतायत भवान्या. माझ्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. मी पदराखाली हात घ्यायची.

पुढे माझे यजमान विषमज्वराने गेले. मुलगी सात वर्षांची. त्या वर्षी काचेच्याही गेल्या. भाऊबीज आली तेव्हा सासरी सगळ्यांनी सांगितलं, आता तू ओवाळायचं नाहीस, शोभत नाही. दादाला कुठून कळलं कोण जाणे, आदल्या दिवशी कल्याणला आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "भाऊ मी आहे आणि मी धडधडीत जिवंत आहे. हिला कोण अडवतं बघतो." मी गेले. तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं. मग ओटीवर पोचले तर त्याच्यासमोर पाटाजवळ पाचसहाजणी पांढऱ्या कपाळाच्या बसलेल्या. म्हणजे हे वाक्यसुद्धा त्याने त्यांच्याकडे जाऊन म्हटलेलंच असणार. माझ्या वाट्याला त्याचं नवं कोरं असं काही येतच नव्हतं.

मी डोंबिवलीला शाळेत शिकवायला लागले. कल्याणच्या जुन्या गावात आमचं सासरचं घर, त्यात मागच्या अंगाला दोन खोल्या, तिथे मी आणि मुलगी. वर्ष सरलं आणि थोरल्या दिरांची नोटीस आली, खोल्या खाली करा. मग त्यांनी कल्याणच्या कोर्टात दावाच लावला. त्यांचं म्हणणं, घर त्यांच्या नावावर, खोल्या त्यांनी बांधल्या, आणि ही बाई माहेराहून फुटका मणी घेऊन आलेली नाही.

धडधडीत खोटं. लग्नात आईने तिच्या चार पाटल्या माझ्या हातात भरल्या होत्या. लग्नानंतर दोन वर्षांनी यजमानांनी त्या माझ्याकडून मागून घेतल्या, कल्याणच्या बाजारात मोडल्या आणि त्या खोल्या उठवल्या. मोडताना दादा बरोबर होता. सासरे, माझे आईवडील, यजमान, सगळे एव्हाना देवाघरी गेले होते. सराफाचं दुकानही उठलं होतं. पाटल्या बघितलेला आणि मोडताना बघितलेला माणूस एकच उरला होता, दादा. माझ्यापुढे सरळ हिशेब होता. दावा जिंकले तर माझं छप्पर माझं. हरले तर मुलीचा हात धरून दादाच्या घरी जायचं आणि जन्मभर त्याच्या ओटीवर बसायचं. त्या ओटीवरची आणखी एक बाई मला व्हायचं नव्हतं.

नोटीस घेऊन ठाण्याला गेले. म्हटलं, आता तरी माझी पाळी आली. आता हा दोन तास माझ्यासमोर बसेल, माझी सासू, माझे दीर, मी काय खाते, सगळं विचारील. दादाने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "ही केस मला घेता यायची नाही."

मला वाटलं माझी थट्टा करतोय. तो समजावून सांगायला लागला, की पाटल्यांचा साक्षीदार मी एकटाच, आणि ज्याला साक्ष द्यायची आहे त्याला त्याच केसमध्ये वकील म्हणून उभं राहता येत नाही. कल्याणला त्याचे एक जुने स्नेही होते, ते काम चालवतील. मी ऐकून घेतलं कुठे? मी म्हटलं, "सोळाजणींना वकील आणि मला साक्षीदार. वा!" मग म्हटलं, निदान लग्नाची याद तरी दे. आमच्यात तेव्हा लग्नात काय दिलंघेतलं त्याची यादी करत, दोन्हीकडचे वडील सह्या करत, आणि एकेक प्रत दोघांकडे राही. आमची प्रत दादाच्या ट्रंकेत होती. ती त्यानेच लिहिलेली, घरात अक्षर त्याचंच चांगलं म्हणून. तर म्हणाला, "त्या कागदाचा तुला काही उपयोग नाही." आणि उठून आत गेला. परक्या बायकांसाठी खेड्यापाड्यांतून कागद शोधून आणणारा माणूस, त्याला बहिणीसाठी स्वतःची ट्रंक उघडवेना. मी चहाही न घेता निघाले.

त्या वर्षी भाऊबिजेला गेले नाही. दुपारच्या गाडीने तो कल्याणला आला. खिडकीतून मला दिसला, कपाळावर कुंकू वाळून पोपडे आलेलं. मी मुलीला सांगितलं, आई घरात नाही म्हणून सांग. तिने तसंच सांगितलं, आणि वर स्वैपाकघराकडे बोटही दाखवलं असणार, कारण पोरीला खोटं बोलता येत नसे. दादा पायरीवर बसला, तिच्याबरोबर शेंगा सोलून खाल्ल्या आणि गेला. मी आत चुलीपुढे बसून हुंदके देत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, जिरली.

माझे वकील, म्हणजे दादाचे ते स्नेही, म्हातारे, किडकिडीत, तपकीर ओढणारे. दर वाक्याला शिंकायचे. त्यांनी ना माझ्याकडून साक्ष पाठ करून घेतली ना मला रडवलं. "खरं तेच सांगा," एवढंच म्हणाले आणि शिंकले. दादाच्या साक्षीचा दिवस उजाडला. कोर्टात शिरले आणि बघते तर मागची बाकं भरलेली. आल्या होत्या सगळ्या, ठाण्याहून, डबे घेऊन! दादा पिंजऱ्यात उभा राहणार म्हटल्यावर घरी कशा बसतील? माझी केस, माझं घर, माझा भाऊ, आणि त्या माझ्याआधी बाकावर. मला बसायला त्यांनीच सरकून जागा दिली.

दादाची सरतपासणी झाली, म्हणजे आधी आमच्या वकिलांनी विचारून घेतलं. आईने पाटल्या घातल्या ते सांगितलं, बाजारात मोडल्या ते सांगितलं. पण साक्षीदार म्हणून तो अगदीच टाकाऊ निघाला. एक विचारावं तर तीन सांगायचा. जज्जसाहेबांनी त्याला दोनदा बजावलं, विचारलं तेवढंच बोला, आणि दोन्ही वेळा सगळं कोर्ट हसलं. मग दिरांचे वकील उठले. धिप्पाड गृहस्थ, आवाज असा की चौकातला टांगा थांबावा. ठाण्याला दादाकडून तीनचार वेळा हरलेले. त्यांनी एक पिवळा कागद पुढे केला. सासऱ्यांकडची यादीची प्रत.

अक्षर कुणाचं, विचारलं. दादा म्हणाला, माझं. वकिलांनी यादी मोठ्याने वाचायला घेतली. घागरी दोन, पातेली पाच, समयांची जोडी, गादी, उशा, अडकित्ता. मी वाट बघत होते पाटल्या कधी येतात त्याची. "उलथनं, लोखंडी, एक," ते म्हणाले आणि थांबले. यादी संपली होती. पाटल्या आल्याच नाहीत.

 इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या कागदावर आहेत. मी दादाकडे पाहिलं. तो पिंजऱ्याच्या कठड्याकडे बघत होता.

उलथन्याची आठवण राहिली आणि चार सोन्याच्या पाटल्या तुम्ही विसरलात ना, असं वकिलांनी विचारलं.   आता जज्जसाहेबांनाच त्याला म्हणावं लागलं, उत्तर द्या.

"विसरलो नाही," दादा म्हणाला.

"म्हणजे पाटल्या नव्हत्याच."

"होत्या."

वकिलांना आता दादाला हरवायची घाई झाली होती. ते मागच्या बाकांकडे वळले, हात पसरले आणि म्हणाले, "होत्या, विसरलाही नाहीत, आणि तरी लिहिल्या नाहीत. का?"

माझ्या वकिलांनी तपकिरीची डबी मिटली. मागच्या बाकावर कुणीतरी श्वास ओढून घेतला. त्या बायकांना तो नियम पाठ होता.

"कारण मला हिचा हेवा वाटला," दादा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, जज्जसाहेबांकडे बघत होता. "मला वाटलं होतं, आई त्या पाटल्या मोडून मला कॉलेजात घालील. तिने त्या हिच्या हातात भरल्या. वडील एकेक जिन्नस सांगत होते, मी लिहीत होतो. पाटल्या म्हणाले तेव्हा मी टाक दौतीत बुडवला आणि पुढचा जिन्नस लिहिला. उलथनं. वडिलांनी न वाचता सही केली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता."

कोर्टात कुणी हसलं नाही. वकील तसेच हात पसरून उभे. मग ते खाली बसले.

मला काय वाटलं ते विचारा. आधी काहीच नाही. कान नुसते गरम झाले. मग आठवलं, लग्नानंतर दादा चार वर्षं गिरणीच्या कचेरीत कारकुनी करत होता, सकाळी नोकरी आणि संध्याकाळी कायद्याचा अभ्यास. त्यातली पहिली दोन वर्षं मी कल्याणला हातात पाटल्या खुळखुळवत हिंडत होते आणि माझ्या डोक्यातही आलं नाही, की ह्याला काय वाटत असेल. हेवा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मला वाटायचं आमच्या घरात तो माझ्याच वाट्याला आलाय. तर हा माझ्याआधी करून बसला होता.

पण लगोलग राग आला, आणि राग आला तो वेगळाच. अख्ख्या कल्याणसमोर सांगितलं, जज्जाला सांगितलं, दिरांना सांगितलं. मला नाही सांगितलं. चुलीपुढे बसून, दोघांत, एकदा सांगायला काय झालं होतं?

बाहेर व्हरांड्यात मी नळावर तोंड धूत होते. मिठागरावरची बाई जवळ येऊन उभी राहिली. तिने माझी रिकामी मनगटं हातात घेतली आणि म्हणाली, "आमाला ठावं व्हतं, बाय. दादानी पयल्याच दिशी सांगलं."

मला कळेना ती काय म्हणतेय. मग तिने उलगडून सांगितलं. कुठलीही बाई केस घेऊन आली, वकीलपत्रावर अंगठा उठला, की दादा तिला आधी ही गोष्ट सांगायचा. आपल्या बहिणीच्या पाटल्यांची. वकिलापासून काही लपवू नका, म्हणायचा, मी एक ओळ लपवली ती मला अजून सलते. म्हणून त्या माझ्या हातांकडे बघायच्या. मिठागरावरचीला ठाऊक, भाजीवालीला ठाऊक, नर्सला ठाऊक. सोळाच्या सोळाजणींना ठाऊक, आणि मी सतरावी. नळ तसाच वाहत होता आणि मी त्या बाईच्या हातात हात देऊन उभी होते. तिचा हात झिडकारावा असंही वाटत होतं आणि सोडू नये असंही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. जज्जांनी लिहिलं होतं, जो साक्षीदार भर कोर्टात स्वतःची लाज उघडी करतो त्याच्यावर विश्वास न ठेवायला कारण दिसत नाही. खोल्या माझ्या झाल्या. आजही मी कुलूप काढते तेव्हा कडीला आधी हात लावते, सवयच आहे. आणि लोकांचं म्हणाल, तर मला वाटलं होतं दादाचं नाव खाली येईल. छे! आणखीच डोक्यावर घेतला त्याला. बाजारात बायका म्हणायच्या, कोण पुरुष असं कबूल करतो हो? म्हणजे माझ्यावरचा अन्यायसुद्धा शेवटी त्याच्याच पदरात पुण्य घालून गेला.

भाऊबीज आली. मी सकाळच्या गाडीने ठाण्याला गेले. वहिनीने मला दारात पाहिलं आणि तिचे डोळे भरले, पण तिने मला पुढे काढलं नाही, कारण ठरलेलं ते ठरलेलं. मी भिंतीला टेकून बसले. कितीजणी होत्या त्या दिवशी मोजलंच नाही. कुणी माझ्या हातांकडे बघत नव्हतं.

माझी पाळी आली. मी तबक खाली ठेवलं. दादाच्या कपाळावर नेहमीसारखा लाल चिखल. त्याने मान वर केली आणि सवयीने म्हणाला, "काय गं, बरी..." आणि थांबला.

मी हळू आवाजात म्हटलं, "ह्या सगळ्यांना सांगितलंस. मला का नाही?"

'का' म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पण आता विचारून झालं होतं.

दादा खाली पाटाकडे बघत म्हणाला, "तू ओवाळायला आली नसतीस."

कुठल्याही बाईला दोन तास पुरेल एवढं बोलणाऱ्या माणसाने एवढंच सांगितलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पायरी आली, शेंगांची फोलपटं, आई घरात नाही म्हणणारी माझी पोर. त्याने बरोबर ओळखलं होतं. मी आले नसते. वर्षानुवर्षं आले नसते, इतकी मी वाईट आहे. आणि ह्या एवढ्या बायका ओवाळून गेल्या तरी हा दरवर्षी सतराव्या नंबरची वाट बघत पाटावर बसून राहायचा.

मी पदराचं टोक हातात घेतलं, शेजारच्या तांब्यात बुडवलं, आणि त्याचं कपाळ पुसलं. सगळं. मिठागरावरचीचं, मास्तरणीचं, नर्सचं, दुधवाल्यांचं, जे जे होतं ते, भुवयांपासून टोपीपर्यंत. पदर लाल झाला.  दादा डोळे मिटून लहान मुलासारखा बसला होता. मग मी कुंकवात बोट बुडवलं आणि त्याच्या स्वच्छ कपाळावर अगदी मधोमध लावलं, अक्षता लावल्या आणि सावकाश ओवाळलं. घाई केली नाही.

निरांजन खाली ठेवलं तेव्हा मिठागरावरची बाई मागून म्हणाली, "आता आमी परत लावाचं काय, बाय?"

मी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "यंदा नाही."